चार सेंटिमीटर

बारावीचा निकाल लागायचा होता त्या मे महिन्यात
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात,
मी पॅकिंगचा हिशेब लिहायला लागले.
पत्र्याखाली त्रेचाळीस अंश. पंखा होता,
पण त्याचं तोंड सुतळीच्या गुंड्यांकडे.

माल असा: पुठ्ठ्याचा डबा, बारा सेंटिमीटर,
लांब, रुंद, उंच, कुठूनही धरा, बाराच.
आत गोल वळलेला एक छोटा टॉवेल,
परदेशात कुणाच्या तरी बाळाचं तोंड पुसणारा.
आणि मोठं खोकं: साठ लांब, चाळीस रुंद, चाळीस उंच.
एका खोक्यात डबे किती, मालकांनी विचारलं,
चाळीस खोकी सांगितलीत, तेवढा माल काढू.

वहीच्या मागच्या पानावर मी गुणाकार मांडला.
शहाण्णव हजार.
बाराचा घन पाठच होता, सतराशे अठ्ठावीस.
भागाकार पंचावन्नावर आला, वर थोडं उरलं,
ते मी दिलदारपणे सोडून दिलं.
पंचावन्न. खाली दोन रेघा.

मालक गेल्यावर राजमणी गुंडेटी टेबलाशी आली.
तिनं वही नाही बघितली. खोकं बघितलं.
एक डबा उचलला आणि वीत टाकावी तसा
तळावर टाकत गेली.
ऐदु.
आडवे मूडु.
उभे मूडु.
नलभै ऐदु, ती स्वतःशी म्हणाली,
मग माझ्याकडे वळून, माझ्या भाषेत: पंचेचाळीस.

मी तिला सूत्र समजावलं.
तिनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं मान पुसली.
"सूत्र बरोबर असंल गं.
वरचे दहा काय कापून भरणार हैस?"

मला ते लागलं. माल मी पंचावन्नानंच काढायला लावला.

भरायला बसलो तेव्हा
पाचाच्या तीन रांगा, त्यावर तीन, त्यावर तीन,
आणि बाजूला एक अरुंद बोळ, चार सेंटिमीटरचा.
वरही तेवढंच.
शेहेचाळिसावा डबा मी तिरपा केला, आडवा केला,
उलटा केला. घनाला उलटं काय नि सुलटं काय.
त्या रात्री घरी बसून मोजलं:
अठरा हजार दोनशे चाळीस घन सेंटिमीटर मोकळं,
दहा डब्यांहून जास्त जागा,
आणि तीत एकही डबा जात नाही.

राजमणी त्या बोळात
कापलेल्या किनारीच्या चिंध्या कोंबत होती, शांतपणे, कोपऱ्यापर्यंत.
"रिकामं ठिवलं की माल वाजतो वाटंत."

चाळीस खोकी भरली. चारशे डबे जमिनीवर.
बाहेर ट्रक, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय,
मालक वही मागतायत,
आणि माझं ते पान, दोन रेघांचं, घामानं बोटांना चिकटलेलं.
राजमणी मध्येच म्हणाली,
"खोकीवाल्यानं माप कमी दिलंय मालक. आठ बोटं."
एवढंच. आणि पुन्हा चिकटपट्टी दातानं तोडायला लागली.
नऊ खोकी आणखी आली, रात्री साडेनऊला.
शेवटच्यात पाच डब्यांची जागा रिकामी राहिली.
तीही तिनं चिंध्यांनीच भरली.
खोकीवाल्याचं काय झालं, मी विचारलं नाही.

निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन तिच्या घरी गेले,
विडी घरकुलात. एक खोली, सहा माणसं,
सुपात तेंदूची पानं, सून त्यांतून नजर न उचलता हसली.
मी सवयीनं खोली मोजायला लागले,
लांबी, रुंदी, आणि मग थांबले.

कपाट आणि भिंत यांच्यात एक फट होती,
चार सेंटिमीटरचीच असेल.
तिथं उभा करून ठेवला होता
विकून टाकलेल्या मागाचा एक धोटा,
गुळगुळीत, टोकाला पितळ.

"त्यांचा हाय," ती म्हणाली. "दुसरीकडं कुठं मावंना."